ठाण्याहून नाशिकच्या वाइनरी एका दिवसात: तीन ठिकाणं होतात का? गाइड घ्यावा का?

कोलशेतकर

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही अकरा जण नाशिकच्या वाइनरी बघून त्याच दिवशी परत यायचं म्हणतोय. आठ जण ठाण्यातले (माजिवडा, कोलशेत), तिघे वाशी-ऐरोलीचे. एका टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम असा: सकाळी ७ ला वाशी, मग ऐरोली, मग माजिवडा. पुढे गंगापूर धरणाच्या बाजूच्या दोन वाइनरी, येताना इगतपुरी तालुक्यात सांजेगावला तिसरी. प्रत्येक ठिकाणी पाच वाइनचं टेस्टिंग, मध्ये जेवण, रात्री ९ ला घरी. १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर आणि सोबत गाइड.

आमच्यातले दोघे अजिबात घेत नाहीत. एक मावशी साठीच्या पुढच्या, त्यांना मधुमेह आहे. एक पुतण्या २० वर्षांचा. तीन वाइनरी खरंच होतात का? गाइडचे पैसे द्यावेत की आपल्याच दोन गाड्या काढाव्यात? आणि पैसे भरण्याआधी टूरवाल्याला काय काय विचारून घ्यावं?

पडघा_टोल

तीन होत नाहीत. कागदावर बसतात, रस्त्यावर बसत नाहीत. वाशीहून ७ ला निघून दोन ठिकाणी माणसं घेत माजिवड्याला यायला ८ वाजतात, आणि त्या वेळी खारेगाव ते माणकोली हा पट्टा भरलेला असतो. गंगापूरला पोचायला साडेअकरा होणार. वाइनरी बघायला पाऊण तास, टेस्टिंगला पाऊण तास, अकरा माणसं गाडीत बसेपर्यंत वीस मिनिटं. म्हणजे पहिल्या ठिकाणाहून निघायलाच एक वाजून जातो. दुसरी वाइनरी आणि जेवण धरलं की चार. तिथून सांजेगाव तासाभराहून लांब. तिसरं टेस्टिंग संपेल तेव्हा अंधार पडलेला असेल, बाग दिसणार नाही, आणि परतीला माणकोली-खारेगावची रांग पुन्हा आहेच. वाशीवाल्यांना घरी पोचायला साडेदहा-अकरा.

वेळेपेक्षा मोठी अडचण दारूच्या प्रमाणाची आहे. टेस्टिंगमध्ये साधारण ३० मिली ओततात. पाच वाइन म्हणजे १५० मिली. १२.५ टक्के धरले तर त्यात १५ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. तीन ठिकाणी ४५० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीतली अर्ध्याहून जास्त, तीही उन्हात आणि मध्ये गाडीच्या प्रवासासह. तिसऱ्या वाइनरीत पोचेपर्यंत जीभ आणि नाक दोन्ही थकलेले असतात. तिथली वाइन कितीही चांगली असली तरी काही कळत नाही.

आता स्वतःच्या गाड्यांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ६० किलो वजनाच्या पुरुषाला ती गाठायला साधारण १२ ग्रॅम अल्कोहोल पुरतं, बाईमाणसाला त्याहून कमी. म्हणजे एका वाइनरीतलं एकच टेस्टिंग गिळलं तरी माणूस मर्यादेपार जाऊ शकतो, डोकं अगदी ताळ्यावर वाटत असलं तरी. शरीर तासाला ६ ते ८ ग्रॅमच काढून टाकतं. कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर पाणी मारणं यांनी त्यात काही फरक पडत नाही. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तेव्हा दोन गाड्या काढल्यात तर चालवणाऱ्या दोघांनी थेंबही घ्यायचा नाही. तुमच्यातले न घेणारे दोघे दिवसभर चालवायला आनंदाने तयार असतील तर ठीक. नाहीतर चालकासह गाडीच करा.

ज्यांचा हट्ट गाडीचा नाही त्यांच्यासाठी: सकाळची तपोवन एक्सप्रेस आणि शिर्डी वंदे भारत दोन्ही ठाण्याला थांबतात, वंदे भारत साधारण दोन तासांत नाशिक रोडला सोडते. तिथून गंगापूरच्या वाइनरी साधारण २० किमी. चार-पाच जणांना हे सोयीचं, अकरा जणांना नाही.

गोडी_छाटणी

वरच्या हिशेबाशी सहमत. फक्त कुठल्या दोन, यावर थोडं सांगतो, कारण टूरवाले इथेच चुकतात.

गंगापूरकडे सुला आणि यॉर्क शेजारी शेजारी आहेत, म्हणून बहुतेक पॅकेजमध्ये ही जोडी असते. पण २०२१ मध्ये सुलाने यॉर्क विकत घेतली. दोन वेगळ्या घराण्यांची वाइन तुलनेने चाखायची असेल तर ही जोडी करू नका. सुलाबरोबर सोमा घ्या. किंवा नाशिक शहराकडे जाऊच नका आणि सांजेगावची जोडी करा: ग्रोव्हर झम्पा आणि व्हॅलोने. ठाण्याहून अंतर बरंच कमी पडतं, आणि या दोघींच्या आकारातच एवढा फरक आहे की एका दिवसात पुष्कळ शिकायला मिळतं. ग्रोव्हर झम्पा २०१२ च्या विलीनीकरणातून झाली, तिचं दुसरं मूळ कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याशी आहे. व्हॅलोने छोटी आहे, मुकणे धरणाच्या बाजूला. छोट्या ठिकाणी वाइन बनवणारा माणूस स्वतः भेटण्याची शक्यता जास्त, आणि माझ्या मते गाइडपेक्षा त्याची दहा मिनिटं मोलाची. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मोठा कारखाना बघायचा असेल तर सुला चुकवू नये. २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली आणि नाशिकची ओळख खाण्याच्या द्राक्षांपलीकडे गेली, त्यात तिचा वाटा मोठा.

तुम्ही निवडलेला काळ उत्तम आहे. नाशिकला द्राक्षवेलीची छाटणी दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पांढरी बरीचशी उतरलेली असतात, शिराझ आणि कॅबर्नेसारख्या काळ्या जातींचे घड वेलीवर दिसतात, आणि आत टाक्या चालू असतात. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार, फोटो सुंदर, पण वेलीवर फळ नाही आणि कारखान्यात बघण्यासारखं फार थोडं. पॅकेजवाले हे सांगत नाहीत.

गाइड घ्यावा का, याचं उत्तर एकाच गोष्टीवर आहे: तो तुम्हाला कारखान्याच्या आत, चालू टाक्यांपर्यंत नेणार का? काचेआडून टाक्या दाखवून दुकानात आणून सोडणार असेल तर वाइनरीची स्वतःची टूर असतेच, वेगळा गाइड लागत नाही. बुकिंगच्या वेळी सरळ विचारा: "त्या दिवशी क्रशिंग चालू असेल का? देठ काढायचं मशीन आणि प्रेस बघायला मिळेल का? बागेत आत जाता येईल का?" जाणत्या गाइडला या प्रश्नांचा राग येत नाही. तो वाइनरीला फोन करून सांगतो.

आत काय बघायचं तेही थोडक्यात. काढणी रात्री किंवा पहाटे होते, कारण मणी गार असले की रस लवकर काळवंडत नाही आणि सुगंध टिकतो. क्रेट आल्यावर सडके, भुरी (पांढरी बुरशी) पडलेले घड बाजूला काढतात. मग देठ वेगळे होतात. पांढऱ्या वाइनसाठी मणी दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात आणि १२ ते १६ अंशांना सावकाश आंबवतात. लालसाठी रस, साल, बिया सगळं एकत्र, २४ ते २८ अंशांना. साल फुगून वर येते आणि थर धरते. तो थर कोरडा पडला की व्हिनेगरचा वास धरू लागतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वर फिरवतात. ही वेळ कधीची ते आधी विचारून त्या सुमाराला आत जायला मिळालं तर टूरचे पैसे वसूल. साखर मोजून काढणीचा दिवस ठरतो, साधारण २० ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप). कोणी मणी चाखायला दिला तर नक्की चाखा. खाण्याच्या थॉमसन द्राक्षापेक्षा मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि गोडी बरीच जास्त.

पायात बंद बूट घाला. काढणीच्या दिवसांत फरशी कायम ओली आणि चिकट असते, नळ्या आडव्या पडलेल्या असतात. आणि उघड्या टाकीवर वाकून वास घेऊ नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो टाकीच्या तोंडाशी साचतो आणि एका खोल श्वासात भोवळ येऊ शकते. सोबत मुलं असतील तर हे त्यांना आत शिरायच्या आधी सांगा.

सानपाडा_स्टेशन

रस्त्याचं आणि गाडीचं.

वाशी-ऐरोली-माजिवडा असा पिकअप ठेवू नका. नवी मुंबईच्या तिघांनी रिक्षा-कॅबने साडेपाचपर्यंत माजिवड्याला यावं. गाडी महापे-शिळफाटा-मुंब्रा बायपासने फिरवली तर जेएनपीए बंदराच्या कंटेनरच्या रांगेत अडकते, आणि तीन माणसांसाठी अकरा जणांचा तास जातो. एकच पिकअप, ५:४५ ला, ६ ला गाडी हलली पाहिजे.

पुढे समृद्धी महामार्ग घ्या. आमणे ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. कसारा घाट टळतो, सुमारे ८ किमीचा बोगदा लागतो, आणि टेम्पो ट्रॅव्हलरलाही हा टप्पा साधारण तासात पार होतो. टोल कोण भरणार ते आधी लिहून घ्या. जुन्या रस्त्याने नेऊन समृद्धीचा टोल लावल्याचे प्रकार होतात. या टप्प्यात खाण्याची सोय भरवशाची धरू नका. नाश्ता डब्यात घ्या किंवा बाहेर पडून घोटीला करा. आणि निघण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहाची आठवण करून द्या, मध्येच गाडी कडेला लावण्याचा हा रस्ता नाही.

गाडीच्या दरात बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किमी धरतात आणि मोजणी गॅरेजपासून गॅरेजपर्यंत होते. गंगापूरला जाऊन-येऊन ३२० च्या आसपास होतात. सांजेगावच्या जोडीला बरेच कमी भरतील, तरी बिल ३०० चंच येईल. त्यामुळे "जवळची वाइनरी घेतली म्हणून स्वस्त" असं होत नाही. चालकाला पहाटे गाडी काढून रात्री परत लावायची आहे, त्याच्या जेवणाची आणि दुपारी तासभर पडायची सोय गाइडकडे मागा. तो जागा आणि कोरडा असणं हीच या सहलीची खरी सुरक्षा. त्याला कोणी "एक घोट घे की" म्हणत असेल तर त्या माणसाला तिथेच थांबवा.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. वाइनरीत गर्दी असली की टेस्टिंग पंधरा मिनिटांत उरकतात. फेब्रुवारीतच सुलाफेस्ट (सुलाचा संगीत महोत्सव) असेल तर त्या दिवसांत गंगापूरच्या बाजूला फिरकू नका. ड्राय डे आणि निवडणुकीच्या तारखाही तपासा. मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते, टेस्टिंगही होत नाही.

कोलशेतकर

फार उपयोगाचं. तीन रद्द, सांजेगावची जोडी पक्की करतोय, दिवस गुरुवार. अजून थोडं: वाटेत मिसळ खायची असा सगळ्यांचा आग्रह आहे. मावशींचं काय करावं? आणि गटात तिघे पक्के शाकाहारी आहेत, वाइनमध्ये अंड्याचं काही असतं असं एकाने वाचलंय, ते खरं का?

रसना_बेलापूर

मिसळ परतीला खा, सकाळी नको. तिखटाने तोंड भाजलेलं असलं की अल्कोहोल जास्त जाळतं आणि लाल वाइनचा तुरटपणा कडू लागतो. तर्रीची चव जिभेवरून दोन-तीन तास जात नाही. सकाळी पोहे, उपमा, थालीपीठ-दही, उकडलेली अंडी, असं पोटभर आणि सौम्य खा. रिकाम्या पोटी टेस्टिंग तर अजिबात नको. त्याच कारणाने गजरा, अत्तर, परफ्यूम, पान-सुपारी, मिंटच्या गोळ्या हे सगळं परत येईपर्यंत बंद. एकाच्या अंगावरच्या अत्तराने पूर्ण टेबलाचं नाक बंद होतं.

अंड्याचं खरं आहे. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा, दुधातलं केसीन, जिलेटीन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो गाळासोबत खाली बसतो आणि काढून टाकतात, पण पक्क्या शाकाहारी माणसाला तेवढंही चालत नाही. बेंटोनाइट ही माती वापरली असेल तर प्रश्न नाही. हे दुकानातल्या पोऱ्याला विचारू नका, सेलरमध्ये काम करणाऱ्याला विचारा, आणि प्रत्येक वाइनसाठी वेगळं विचारा. एकाच वाइनरीत पांढरीला एक आणि लालला दुसरं असू शकतं.

मावशींनी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, विशेषतः इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. अल्कोहोलमुळे साखर काही तासांनी खाली येऊ शकते, म्हणजे नेमकी परतीच्या गाडीत, आणि बरोबरच्यांना वाटतं की डुलकी लागली. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या पर्समध्ये हव्यात, डिकीत नकोत. जेवण सव्वाच्या पुढे ढकलू देऊ नका. शेवटी देतात ती गोड लेट हार्वेस्ट वाइन त्यांनी सोडून द्यावी. मेट्रोनिडॅझोलसारखी औषधं चालू असलेल्या कोणीही त्या दिवशी चाखू नये.

पुतण्याला टेस्टिंग नाही. महाराष्ट्रात वाइन-बिअरला वय २१ पूर्ण लागतं. त्याने बाग आणि कारखाना बघावा. सगळ्यांनीच वयाचा पुरावा जवळ ठेवा. न घेणाऱ्या तिघांसाठी टेस्टिंगशिवायचं तिकीट आहे का ते आधी विचारा, पॅकेजवाला सगळ्यांचे सारखेच पैसे लावतो. आणि त्यांनाही ग्लास द्या म्हणावं, वास घ्यायला. निम्म्याहून जास्त ओळख नाकानेच होते, त्यांना कंटाळा येणार नाही.

टेस्टिंगला बसल्यावर क्रम बघा: आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग कोरड्या म्हणजे गोड नसलेल्या पांढऱ्या, रोझे (गुलाबी), हलकी लाल, भारी लाल, शेवटी गोड. गोड मध्येच दिली तर तिच्यानंतरची प्रत्येक वाइन आंबट लागते. ग्लास दांड्याला धरा. पांढऱ्या कागदावर रंग बघा, न हलवता वास घ्या, मग फिरवून पुन्हा घ्या. एक छोटा घोट तोंडात पाच-सहा सेकंद सगळीकडे फिरवा आणि थुंका. थुंकायचं भांडं टेबलावर नसेल तर मागा, त्यात कमीपणा काही नाही, तिथले लोक स्वतः तेच करतात. ग्लासात उरलेली वाइनही त्यातच ओतायची. दर दोन वाइनमागे अर्धा ग्लास पाणी.

काय शोधायचं? सोव्हिन्यॉ ब्लांमध्ये पेरू, ढोबळी मिरची, कापलेलं गवत. शेनिन ब्लांमध्ये नासपती, सफरचंद, कधी मध. शिराझमध्ये जांभूळ आणि काळी मिरी. गाइड ओतण्याआधीच "यात चेरी आणि चॉकलेट लागेल" म्हणत असेल तर त्याला थांबवा, आधी आपण वास घेऊ द्या. एकदा नाव कानावर पडलं की तेच लागतं.

दोष ओळखायला शिका, ते इथे फुकट शिकता येतं. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बुचाचा दोष, ती बाटली बदलून मागा. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा झोक आला तर वाइन बिघडली. पांढरी तपकिरीकडे झुकलेली, ठेचलेल्या सफरचंदासारखी लागत असेल तर तिला हवा लागली आहे. टेस्टिंग रूममध्ये हे फार होतं, कारण बाटली आदल्या दिवशीची असते. "ही कधी उघडली?" हा प्रश्न पहिल्या ओतण्याआधी विचारायचा. कुजक्या अंड्याचा हलका वास मात्र ग्लास फिरवल्यावर बहुधा जातो, लगेच नाक मुरडू नका. लाल वाइन कोमट आली तर दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगा. फेब्रुवारीतही दुपारी पारा ३० च्या आसपास जातो, लाल वाइन १६ ते १८ अंशांना हवी, पांढरी ८ ते १२.

कोलशेतकर

समजलं. टूरवाल्याला नवा कार्यक्रम पाठवतो: ६ ला माजिवडा, साडेनऊपर्यंत पहिली वाइनरी, सव्वाला जेवण, पावणेपाचला परत. शेवटचं: तिथून बाटल्या आणाव्यात का, की ठाण्यातच घ्याव्यात?

पडघा_टोल

साडेनऊला टेस्टिंग रूम उघडी असेलच असं नाही. बाग आणि कारखाना आधी, टेस्टिंग अकराच्या सुमाराला, असं त्यांच्याकडून फोनवर पक्कं करून घ्या. बाग सकाळच्या गारव्यातच बघायची असते, त्यामुळे क्रम तसाही बरोबर बसतो.

गोडी_छाटणी

ठाण्यात सहज मिळते ती तिथून आणू नका. फक्त वाइनरीतच विकतात ते छोटे लॉट घ्या, आणि तेही टेस्टिंगमध्ये आवडले तर. लेबलवर द्राक्षं कोणत्या वर्षीची ते बघा. पांढरी शक्यतो गेल्या दोन हंगामांतली असावी, बहुतेक पांढऱ्या वाइन ठेवून सुधारत नाहीत. बिल जपून ठेवा, वाटेत तपासणी झाली तर तेच दाखवायचं. खरेदी दुसऱ्या वाइनरीत शेवटी करा. पहिल्या ठिकाणी घेतलेल्या बाटल्या दुपारभर उन्हातल्या गाडीत राहिल्या की आतलं तापमान ५० च्या वर जातं, बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते. पहिल्या ठिकाणची काही घ्यायचीच असेल तर घरून थर्माकोलचा खोका आणि बर्फाच्या दोन-तीन पिशव्या न्या, आणि खोका डिकीत न ठेवता एसीच्या बाजूला सीटखाली ठेवा. घरी आल्यावर दोन दिवस बाटली हलवू नका. बुचाची असेल तर आडवी, पत्र्याच्या झाकणाची असेल तर उभी ठेवली तरी चालते, फ्रिजच्या वर मात्र ठेवू नका.